गुळाचा ठराव

सिद्धू सांगलीहून मुलाखत देऊन आला, तो एसटीतून उतरून थेट पंचायतीपुढच्या पारावर जाऊन बसला. कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "गेली नोकरी."

पोरगा बी.कॉम. झालेला. डोकं तल्लख, पण चार माणसांत बोलायला उभा राहिला की त्याचा आवाज घशातून निघून बेंबीपाशी जाऊन बसायचा. त्याची शिंकसुद्धा परवानगी मागून येते, असं वाघदरवाडीत म्हणत. जोतीराम मास्तर सायकल लावून त्याच्याजवळ बसले. मास्तर तासगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी गावातल्या शिकणाऱ्यांचा फुकट वर्ग घेत.

"काय इचारलं रं सायबांनी?"

"इंग्रजीतनं इचारलं, तुमच्या गावात सत्ता कुनाच्या हातात हाय. म्या सांगितलं, नाथाजीआबांच्या. मग म्हनले, ते चुकले तर गाव काय करतं?"

"मग तू?"

"म्या म्हनलं, सर, ते चुकत न्हाईत. ते आबा हायत."

पारावरची मंडळी हसली नाहीत. त्यांना उत्तर बरोबर वाटलं. हसले होते ते सांगलीचे साहेब, आणि इतके हसले होते की शिपायाला पाणी आणावं लागलं.

नाथाजीआबा गावचे सरपंच, आणि मास्तरांचे सख्खे चुलते. बाप लहानपणी गेला तेव्हा आबांनीच पोराला घरात घेतलं, सांगलीच्या कॉलेजात धाडलं, इंग्रजीचा मास्तर केला. सिद्धूच्या जागी आपण असतो तर काय उत्तर दिलं असतं, हा प्रश्न मास्तरांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथंच दाबला.

साल सत्त्याहत्तर. दिल्लीतलं सरकार नुकतंच बदललं होतं. वाघदरवाडीत पंचायतीच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा बदललं नव्हतं. आबा सरपंच झाले तेव्हापासून गावात मतदान असं झालंच नाही. सगळं बिनविरोध. तालुक्याहून आलेल्या एका मतपेटीत आबांच्या घरी कैरीचं लोणचं घातलं होतं म्हणतात. मी बघितलं नाही, पण ज्यांनी लोणचं खाल्लं त्यांनीच सांगितलं. आबा खाकरले की तिन्ही आळ्यांतली कुत्री उठून उभी राहत, मग माणसांची काय कथा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचायतीच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. तोवर तिथं गाय, माझे कुटुंब, आवडता सण असले निबंध पाठ व्हायचे. मास्तरांनी फळा स्वच्छ पुसला आणि इंग्रजीत तीन शब्द लिहिले. सरकार, सत्ता, नागरिक.

"बँकेत जावा, न्हाईतर दवाखान्यात जावा," ते म्हणाले, "समोरचा मानूस आता गाईवर इचारत न्हाई. तो इचारतो, राज्य कोन चालवतं, कसं चालवतं, आन् तुला त्यातलं काय कळतं. हे इंग्रजीत बोलता येईपतूर मी तुमाला सोडनार न्हाई."

वर्गात पाच-सात जण, पण बोलके तिघंच. एक सिद्धू. दुसरी जरिना, खालच्या आळीतल्या चांदबीची थोरली पोरगी, बावीस वर्षांची, सांगलीला नर्सचं शिकायचं म्हणून इंग्रजीच्या मागं हात धुऊन लागलेली. तिसरे हरिबा. हे फौजेतून नाईक म्हणून परतलेले, वय साठीच्या पुढं. या वयात इंग्रजी कशाला, असं विचारलं की म्हणायचे, "माझा गोरा साहेब उभ्या नोकरीत मला काय म्हनत हुता, ते मरायच्या आधी कळाय पायजे."

मास्तरांनी एक खेळ काढला. खोलीच्या मधोमध घमेलं पालथं घालायचं. त्यावर एकानं बसायचं. तो कधी पंतप्रधान, कधी कलेक्टर, कधी सरपंच. बाकीच्यांनी त्याला इंग्रजीत प्रश्न विचारायचे. बसलेल्यानं चिडायचं नाही, उत्तर द्यायचं.

पहिले काही दिवस घमेल्यावरचा राजा आणि त्याची प्रजा एकमेकांकडं बघत नुसती घाम पुसत बसली. मास्तर हटले नाहीत. एकेक वाक्य फळ्यावर लिहून ते घोटून घेत. आणि मंडळी, पुढं जे झालं ते बघून मास्तरही चाट पडले. त्या पोरांची मराठी जीभ लहानपणापासून आबांच्या पाया पडत आलेली. इंग्रजी जीभ कोरी होती, ती अजून कुणापुढं वाकली नव्हती. ती सुटली ती अशी की समोरच्या पिंपळावरची वटवाघळं बिऱ्हाड उचलून शेजारच्या गावी राहायला गेली.

सिद्धू, तोच शिंकेला परवानगी मागणारा, घमेल्यापुढं उभा राहून इंग्रजीत गरजायचा, "महाशय, सत्ता आपल्याला सांभाळायला दिली आहे, वतन म्हणून नव्हे. आपण आमचं ऐकणार नसाल तर खुर्ची सोडा."

हा आरडाओरडा आबांच्या कानावर गेला. एका संध्याकाळी ते स्वतःच आले, फेटा सावरत खाटेवर बसले. "चालू द्या. म्याबी ऐकतो, माझा पुतन्या काय शिकवतोय."

सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. मास्तरांनी डोळ्यानं जरिनाला खुणावलं, की बोल. जरिनानं एकदा आबांकडं पाहिलं, एकदा घमेल्याकडं, आणि इंग्रजीत सुरू झाली. "आदरणीय सरपंच, आपण आम्हाला विचारण्याआधीच निर्णय का घेता? ग्रामसभा म्हणजे आपल्या निर्णयावर मान डोलवण्याची जागा आहे काय? खालच्या आळीतला माणूस आपल्याला माणूस वाटतो काय?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि कडाडून टाळ्या वाजवल्या. "काय जीभ चालतीया पोरीची! इस्त्री फिरल्यागत. जोत्या, हिला कलेक्टर कर."

आबा गेल्यावर खोलीत हशा पिकला, तो थांबेचना. हसून हसून सिद्धूला उचकी लागली. मास्तरही हसले. फक्त हरिबा हसले नाहीत. ते पायताण घालून निघून गेले.

त्या आठवड्यात गावात दवंडी फिरली. शुक्रवारी दुपारी ग्रामसभा. विषय एकच. गावाचं गायरान आबांचा मेव्हणा अर्जुना याला वीटभट्टीसाठी द्यायचं.

आता गायरान म्हणजे गावामागचा माळ. बागायतवाल्यांना त्याची गरज नव्हती, त्यांच्या बांधावर गवत माजलेलं. पण खालच्या आळीत जमीन कुणालाच नाही. तिथली शेरडं, म्हशी सगळी त्या माळावर चरायची. चांदबीची म्हैसही तिथंच. नवरा वारल्यापासून त्या म्हशीच्या दुधावर घर चालत होतं आणि जरिना शिकत होती. माळावर भट्टी पेटली की म्हैस विकायची आणि मायलेकींनी सांगलीच्या वखारीत हळद निवडायला जायचं, दुसरा रस्ता नव्हता.

आणि वाघदरवाडीची ग्रामसभा कशी असायची, तेही ऐका. ग्रामसेवक ठराव वाचायचे. आबा विचारायचे, "हाय का कुनाचं काय?" हे वाक्य पुरं व्हायच्या आत गुळाची थाळी फिरायला लागलेली असायची. ज्यानं खडा तोंडात टाकला त्याचा होकार. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण वाडीत तोच कायदा. आणि सरपंचाच्या हातचा गूळ नको म्हणणार कोण? नको म्हणणं म्हणजे घरातल्या थोरल्याचं ताट लाथाडणं. एवढी माणुसकीची रीत, आणि तिच्याच आडून आजवरचे सगळे ठराव गोड मानून गिळले गेले होते. पुष्कळांना तर आपण काय गिळलं ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

गुरुवारी वर्ग भरला. जरिना तडतडत होती. "सर, आज गायरानावर बोलायचं."

मास्तरांना हुरूप आला. त्यांनी फळाभर शब्द लिहिले. सार्वजनिक जमीन, संमती, हितसंबंध, बहुमत. घमेल्यावर सरपंच म्हणून ते स्वतः बसले. सिद्धूनं असा मुद्दा मांडला की विलायतेतल्या वकिलानं कोट काढून द्यावा. जरिनानं त्याहून वर कडी केली. मास्तर टाळी देणार, तेवढ्यात हरिबा म्हणाले, "मास्तर, जरा मराठीत बोलू का?"

"बोला की."

"माझा गोरा साहेब रोज सकाळी माझ्याम्होरं हुबं ऱ्हाऊन लांबलचक कायतरी बोलायचा. हसून बोलायचा. मला वाटायचं, लय खूष हाय गडी. मी टाचा जुळवून सलाम ठोकायचो. परवा तुमच्या डिक्शनरीत हुडकलं. गाढव म्हनत हुता मला. गाढवाच्या बापालाबी सोडलं नव्हतं."

सिद्धूला हसू फुटलं, पण हरिबांचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"परवा आबानं टाळ्या वाजवल्या, तवा मला माझा सलाम दिसला. त्या गोऱ्यानं माझी चेष्टा केली, कारन मला कळत नव्हतं. आपुन आबाची केली, कारन त्याला कळत नव्हतं. ह्यात कसली मर्दुमकी? ज्याला इचारायचं त्याला कळंल असं इचारलं, तर त्यो प्रश्न. न्हाईतर ती टवाळी, मग ती इंग्रजीत असो न्हाईतर फारशीत."

मास्तर म्हणाले, "काका, मी ह्यांना मुलाखतीसाठी तयार करतोय. गावात भांडनं लावायला न्हाई."

"मुलाखतीत हा सिद्धू सांगंल की लोकशाहीत लोकांची सत्ता असती. आन् उद्या दुपारी गूळ खाऊन घरी जाईल. मग ह्यो शिकला काय?"

"तुमाला सोपं हाय बोलायला." मास्तरांचा आवाज चढला. "मी त्यांच्या ताटातलं खाल्लंय. बाप नव्हता मला, आबांनी वाढवलं. चारचौघांत त्यांच्या तोंडाला तोंड देऊ?"

"तोंडाला तोंड देऊ नगा. नुस्तं इचारा. परक्यानं इचारलं तर आबा म्हनंल, जळतोय मेला. घरच्यानं इचारलं तर त्याला ऐकावं लागंल. म्हनून तर हे काम तुमचं हाय."

जरिना इतका वेळ खडू हातात घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, तुमी म्हनता बोला, धीट व्हा. आमी झालो. पन कुनाम्होरं? घमेल्याम्होरं. घमेल्याच्या बापाचं काय जातंय गायरान गेलं तर?"

मास्तर घमेल्यावरच बसले होते. ते उठले, फळा पुसला आणि वर्ग सोडला.

त्या रात्री जेवताना आबा फार खुशीत होते. काकूंनी गरम भाकरी वाढली. आबा म्हणाले, "जोत्या, उद्या थाळी पयल्यांदा तुझ्याकडं. शिकलेल्या मानसाचा मान. आन् तुझ्या वर्गाची ती खोली गळतीया न्हवं? भट्टीच्या पयल्या पैशातनं तिच्यावर कौलं घालू."

भाकरीचा घास मास्तरांच्या तोंडात फिरत राहिला. "आबा," ते म्हणाले, आणि पुढं शब्द येईनात. आबांनी मायेनं त्यांच्या भाकरीवर लोणी घातलं. इंग्रजीत त्या क्षणी मास्तरांना दहा वाक्यं सुचली, मराठीत एक सुचलं नाही. तेव्हा त्यांना कळलं की घमेल्यापुढं धीट झालेला सिद्धू आणि आपण, यात तीळभर फरक नाही. सिद्धूला निदान कुणी शिकवायचं राहिलं होतं. आपण शिकून, शिकवून, तसेच राहिलो. उद्या बोलायचं, त्यांनी मनाशी बांधलं, मग खोली राहो की जावो.

शुक्रवारी पंचायतीपुढं गाव बसलं. बाया रिवाजाप्रमाणं भिंतीपलीकडं उभ्या. अर्जुना नवीन टोपी घालून पुढंच बसलेला, जणू भट्टी पेटून विटासुद्धा विकून झाल्या. ग्रामसेवकांनी एका दमात ठराव वाचला. आबा म्हणाले, "हाय का कुनाचं काय?" आणि थाळी निघाली, ती थेट मास्तरांपुढं.

मास्तरांनी एक खडा उचलला. गाव बघत होतं. खडा हातात राहिला, हात तोंडाकडं गेला नाही.

"आबा, माझं हाय."

आबांना वाटलं, पुतण्या चार गोड शब्द बोलणार. "बोल की."

"गूळ आपल्या मळ्यातला हाय, गोड असनारच. पन गूळ खाल्ला म्हंजी ठराव झाला, हे मला पटत न्हाई. मला आधी इचारायचं हाय."

एवढं बोलायला त्यांना इतकं बळ लागलं की मुठीतल्या गुळाचा पाक झाला. आबांच्या मिशा हलायच्या थांबल्या.

"इचारायचं ते घरी इचारायचं. काल भाकरी खाताना काय दातखीळ बसली हुती?"

"व्हय आबा, बसली हुती. घरी मी तुमचा पुतन्या. हितं मी गावकरी हाय. आन् गायरान घरचं न्हाई, गावचं हाय."

अर्जुना ताडकन उठला. "बघा दाजी, शिकवलं त्याचे हे पांग फेडले."

"तू बस," आबा म्हणाले. मग पुतण्याकडं वळून, दगडासारख्या आवाजात, "इचार."

"माळावर भट्टी झाल्यावर खालच्या आळीची जनावरं कुठं चरायची?"

"चरतील कुठंबी. बांधाला."

"कुनाच्या बांधाला?"

आबांनी चहूकडं पाहिलं. बांध ज्यांचे होते ते सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्याकडं बघत होते.

"मला म्हैस न्हाई, आबा," मास्तर म्हणाले. "मी बोलनार ते पुस्तकातलं. जिच्या घरात म्हैस हाय ती भिंतीमागं हुबी हाय. तिला आत येऊ द्या."

कुणीतरी पुटपुटलं, "बायामानसांचं काय काम सभेत?"

हरिबा बसल्या जागेवरून म्हणाले, "मत द्यायला चालती, बोलायला का चालत न्हाई रं?"

जरिना आत आली. तिनं पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि इंग्रजीत कधी कापला नाही तो तिचा आवाज आता कापत होता.

"आबा, त्या दिशी तुमी माझ्या बोलन्यावर टाळ्या वाजवल्या. म्या काय बोलले ते तुमास्नी कळलं नव्हतं, आन् मागनं आमी हसलो. ती माझी चूक झाली. आता कळंल असं बोलते. अब्बा गेले तवा मामू म्हनले, सांगलीला चला. अम्मीनं गाव सोडलं न्हाई, कारन हितं माळ हाय आन् दारात म्हैस हाय. तिच्या दुधावर मी शिकले. माळ गेला की म्हैस जानार, म्हैस गेली की आमी जानार. आळीतली निम्मी घरं जानार. तुमी गावाचं वाईट करताय, असं मी म्हनत न्हाई. पन चांगलं करताय, तर आमाला इचारायचं भ्या का वाटतं?"

भ्या? आबांना? असा शब्द वाघदरवाडीत आबांच्या जवळपासही कुणी कधी आणला नव्हता.

मास्तरांनी हातातला खडा परत थाळीत ठेवला आणि थाळी सिद्धूपुढं सरकवली. सिद्धूनं थाळीकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. बेंबीपासून निघालेला आवाज घशापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. पण आला. "मला बी... आधी ठरवायचं हाय. मंग गूळ."

थाळी हरिबांकडं गेली. तिथून पुढं. कुणी नुसता नमस्कार करून पुढं सरकवली, कुणी खडा उचलून परत ठेवला. एका म्हाताऱ्यानं सवयीनं तोंडात टाकलेला खडा काढून हातात धरला. थाळी सगळं गाव फिरून आबांपुढं आली, तेव्हा ती भरलेली होती. एका थाळीत इतका गूळ मावतो, हे आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी थाळी जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "इतकी वर्सं सगळ्यांनी खाल्ला. मला वाटायचं, पटतंय म्हनून खात्यात." आणि गावाकडं वळून, "गायरान ऱ्हावं म्हननाऱ्यांनी हात वर करा."

पहिला हात भिंतीपलीकडून आला, चांदबीचा. मग हात असे उगवले, जसं पेरणीनंतर शेत उगवतं. अर्जुना टोपी काढून घाम पुसत निघून गेला.

"लिवा," आबा ग्रामसेवकांना म्हणाले, "ठराव नामंजूर."

ग्रामसेवकांनी उभ्या नोकरीत फक्त 'मंजूर' लिहिलेलं. त्यांचं पेन आपसूक तिकडंच वळायला लागलं. हरिबांनी त्यांचं मनगट धरून आधी 'ना' लिहून घेतलं, असं गाव सांगतं. खरंखोटं ग्रामसेवक जाणे.

सभा उठली तरी मास्तर उभेच होते. आबा त्यांच्यासमोर आले.

"आज तू मला गावाम्होरं अडवलंस."

"व्हय आबा."

"मला लाज वाटली."

"मला भ्या वाटलं, आबा."

"आन् तरी बोललास?" आबांनी त्यांच्याकडं नव्यानं पाहिलं. मग थाळीतला एक खडा उचलला, मोडून अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा पुतण्यापुढं धरला. "खा आता. आता ह्यो नुस्ता गूळ हाय."

तर मंडळी, राज्यकारभाराचे शब्द कुठल्याही भाषेत शिकावेत, खुशाल शिकावेत. पण ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या डोळ्यांत बघून, त्याला कळेल अशा भाषेत ते बोलता आले नाहीत, तर ती विद्या फळ्यावरच राहते. थोरल्याला प्रश्न विचारणं हा त्याचा अपमान नव्हे. तो चुकतच नाही असं समजून गप्प बसणं, यानं त्याचंही नुकसान होतं आणि गावाचंही. तुमच्याही गावात, संस्थेत, कचेरीत अशी एखादी थाळी फिरत असेल. कुठं ती चहाची असते, कुठं हारतुऱ्यांची. आपल्यापुढं आली की मान राखून हातात घ्या, आणि तोंड उघडायचं ते आधी विचारण्यासाठी उघडा.